मुस्तफा आणि आईचा रुपया

मे महिन्यात नागपुरात शहाणा माणूस कूलरसमोर पडून राहतो. मी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत एका मेलेल्या व्हिडिओ गेमच्या डब्ब्यात डोकं घालून बसलो होतो, आणि तेही स्वतःच्या खिशातले बाराशे रुपये मोजून.

झालं असं की इतवारीत एका भंगारवाल्याकडे कूलरचा पंप पाहायला गेलो आणि कोपऱ्यात तो उभा. मुस्तफा! गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमनं १९९३ मध्ये काढलेला, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला आमच्यापैकी कोणाला वेळ होता, त्यातल्या टोपीवाल्या गड्याच्या नावानंच सगळे ओळखायचे. बस, घासाघीस न करता उचलला, मालवाहू गाडीत टाकला, घरी आणला.

बायको दारात. "पंप आणायला गेले होते ना तुम्ही?"

खालची प्लाय उधईनं खाल्ली होती, ते सुताराला बोलावून निपटलं. खरा जीव खाल्ला पिक्चर ट्यूबनं. महाल भागातले जुने टीव्ही मेकॅनिक काकाजी आले, मी उत्साहात प्लग काढून ट्यूबच्या लाल वायरला हात लावणार तेवढ्यात ओरडले, "अबे थांब ना बाप्पा! प्लग काढला म्हणून ते मरत नसते, हजारो व्होल्ट पोटात धरून बसते." मग त्यांनी पेचकसाला वायर बांधून तिचं दुसरं टोक चेसीसला लावलं आणि रबरी टोपीखाली पेचकस सरकवला. टच्च! मी तोवर जिन्यात पोचलो होतो.

सेट चालू केला तर स्क्रीनवर एक पांढरी आडवी रेघ. "व्हर्टिकल गेलं," काकाजी म्हणाले. म्हणजे मुस्तफा, डायनोसॉर, गाडी, सगळे त्या एका रेघेत चेपलेले. कंडेन्सर वाळले होते, दोन दिवस बर्डीत फिरून सगळे बदलले, तिसऱ्या दिवशी चित्र उभं राहिलं. काकाजींनी पैसे घेतले नाहीत, तर्री पोहे खाल्ले, दोन प्लेट.

वायरिंग मात्र मी स्वतः केली. गेमचा बोर्ड डब्ब्याला जोडायला जॅमा म्हणून कनेक्टर असतो, १९८५ चं जपानी स्टँडर्ड, ५६ पिना, जॅमाचा कुठलाही बोर्ड लावा चालतो, फक्त लावणारा माणूस चालला पाहिजे. माझा मुस्तफा उजवीकडे दांडी दाबली की डावीकडे पळायचा, आणि गुंडे मागून येऊन आरामात हाणायचे.

तेही सुधरलं. आता रुपया टाकायचा. टाकला, खणकन् खालून परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा परत. झडप जुन्या २५ मिलीमीटरच्या रुपयाची, आणि २०११ पासूनचे रुपये त्याहून लहान! पानठेल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारलं, लोक मी नाणी जमवतो समजून भाव सांगायला लागले.

शेवटी देव्हाऱ्यात एक सापडला. लक्ष्मीपूजनाचा. आईनं दिला, पण अटीवर, दिवेलागणीच्या आत परत पाहिजे. अन् रुपया ज्यात पडतो त्या गल्ल्याची चावी तर भंगारवाल्याकडेही नव्हती.

म्हणून सध्या मी त्या रुपयाला फेविक्विकनं दोरा चिकटवलाय, आत सोडतो, क्रेडिट पडलं की हळूच वर ओढतो. शाळेत असताना हेच करताना गेम पार्लरवाल्यानं कानाखाली दिली होती. आता मालक मीच आहे, तरी दोरा ओढताना एकदा मागे वळून पाहतो.