निवृत्तीच्या संध्याकाळीच टपाल जाळायचं?

बडोद्यातल्या आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय: ‘ईमेल खातं विद्यापीठाच्या मालकीचं, त्यामुळे वरिष्ठ ते केव्हाही उघडू शकतात. माणूस निवृत्त झाला की त्याच दिवशी ते पुसणं कायद्याने बंधनकारक आहे. गुगलने जागाही कमी केली आहे.’ दांडिया बाजारात भेटणाराही हेच ऐकवतो.

जागेचं आधी संपवतो. शैक्षणिक संस्थांना गुगल पूर्वी अमर्याद जागा देत असे. २०२२पासून मोफत योजनेत संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी मिळते, हे खरं. पण ती भरते ती वर्गांच्या व्हिडिओंनी. चार ओळींच्या पत्रांनी किती भरणार?

कायद्याचं मात्र साफ चुकीचं आहे. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काम संपल्यावर डेटा पुसायला सांगतो, पण दुसऱ्या कायद्याने जपायला सांगितलेलं त्यातून वगळतो. माहिती अधिकार कायदा २००५चा, आणि त्यात ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेल हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कुणी मागितलेली माहिती नष्ट केली, तर माहिती अधिकाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुसण्याने काय होतं ते मी जवळून पाहिलंय. आमचे एक सर ३० जूनला निवृत्त झाले, त्याच संध्याकाळी खातं काढून टाकलं. त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीच्या पेपरवर परीक्षकांचे शेरे यायचे होते, ते त्याच पत्त्यावर. ती रोज विचारायची, “सर, काही आलं का?” आम्ही संगणक विभागात गेलो तो बाविसावा दिवस. काढलेलं खातं ॲडमिनला २० दिवसांतच परत आणता येतं. दोन दिवस उशीर झाला, आणि सरांची सारी जुनी पत्रंही गेली. खातं नुसतं स्थगित ठेवलं असतं तरी ती वाचली असती. मला अजून वाईट वाटतं.

राहिलं ‘केव्हाही उघडू शकतात’. मालकी आहे म्हणून वाचायचा परवाना मिळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७मध्ये दिला, आणि सरकारी विद्यापीठ त्याला बांधलेलं आहे. एखाद्या मुलीने छळाची तक्रार सरांना लिहिली असेल, कुणी आजारपणाचे कागद पाठवले असतील. ते उघडायचं तर लेखी कारण हवं, दोघांची मंजुरी हवी आणि कुणी, कधी, काय पाहिलं याची नोंद हवी. निवृत्तांना निदान सहा महिने पत्रं पुढे वळवून मिळावीत, तीही कार्यालयीन पत्रं वेगळी जपून. कुलसचिवांना हेच लिहून देतोय. सही करायची असेल त्यांनी शनिवारपर्यंत कळवा.