१३६००के ५.४ वर का थांबवला: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओव्हरक्लॉकिंगचे (प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापुढे पळवण्याचे) दीड हजार घेतले, आय५-१३६००के प्रोसेसर ५.६ गिगाहर्ट्झला हवा होता तर ५.४ वरच थांबवला. यूट्यूबवर हाच प्रोसेसर ५.६ ला चालतो. घरी तुम्ही स्वतः १.४२ व्होल्ट देऊन ५.६ लावला तर लग्नाच्या व्हिडिओचा रेंडर (एडिट झाल्यावर शेवटची फाइल बनवणं) अर्ध्यात बंद पडतो, म्हणजे रॅम किंवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) खराब दिला, आणि ‘चिपची लिमिट’ हा दुकानदाराचा बहाणा. असा रिव्ह्यू वाचून नवीन गिऱ्हाईक थबकणारच, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देतो.

या प्रोसेसरमध्ये काम करणारे मोठे आणि छोटे असे कोअर्स असतात; त्यातल्या मोठ्या कोअर्सचा इंटेलने ठरवलेला टर्बो, म्हणजे कमाल वेग, ५.१ चा. त्यापुढचं सगळं त्या एका चिपच्या नशिबावर. तुमची चिप ५.४ पर्यंत कुरकुर न करता गेली, १.२८ व्होल्ट पुरले. ५.५ ला मात्र प्राइम९५ हे चाचणीचं सॉफ्टवेअर लावलं की थोड्या वेळात एक वर्कर थांबायचा, आणि दर वेळी त्याच कोअरचा. व्होल्टेज वाढवलं की तो टिकायचा, पण तोवर तापमान शंभराला टेकायचं. इकडे आड, तिकडे विहीर. लिमिट म्हणतो ती हीच.

वर्कर थांबतो म्हणजे काय, हे एडिटिंग करणाऱ्याने तरी नीट समजून घ्यावं. प्राइम९५ प्रत्येक कोअरकडून गणितं करून घेतं आणि उत्तर तपासतं. उत्तर चुकलं की तो वर्कर बंद. त्या वेळी मशीन हँग नसतं, माउस फिरत असतो, सगळं सुरळीत दिसतं. चुकलेलं असतं फक्त गणित. तेच रेंडर चालू असताना झालं तर कधी सॉफ्टवेअर बंद पडतं, कधी ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याची निळी पाटी) येते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी काहीच होत नाही, फाइल पूर्ण होते आणि बिघडलेली फ्रेम पार्टीच्या टीव्हीवर दिसते. ज्याच्या हातात एखाद्या कुटुंबाच्या लग्नाचं रेकॉर्डिंग आहे, त्याला असं मशीन मी देणार नाही.

आता ५.६ चा हिशोब. प्रोसेसरची वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२८ वरून १.४२ व्होल्ट आणि ५.४ वरून ५.६ गिगाहर्ट्झ, दोन्ही धरले तर उष्णता जवळपास २८ टक्के जास्त, आणि वेग वाढला पावणेचार टक्क्यांहून कमी. अर्ध्या तासाच्या रेंडरमध्ये जेमतेम मिनिटभर वाचेल, तेही छोटे कोअर्स सोडून सगळा भार मोठ्या कोअर्सवर धरला तर.

आणि तो मिनिटही पदरात पडत नाही, हे तुम्ही जोडलेल्या फोटोतच आहे. वर ५.६ दिसतंय, पण खाली एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगपुढे (तापल्यामुळे वेग कमी करणं) ‘येस’ आलंय आणि कमाल तापमान १००. या प्रोसेसरची तापमानाची हद्द तीच. तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक खाली आणतो. म्हणून तर तुमचा सिनेबेंचचा (वेग मोजणारी चाचणी) स्कोअर दुकानात ५.४ ला आलेल्या स्कोअरपेक्षा कमी आहे. दोन्ही स्कोअर शेजारी ठेवून बघा.

रॅम आणि एसएमपीएसचा संशय रास्त आहे, लक्षणं सारखीच दिसतात. म्हणून देण्याआधी आम्ही ते वेगळं काढतो. क्लॉक मूळ जागी आणून एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू ठेवलं आणि मेमटेस्ट ही रॅमची चाचणी लावली: एकही एरर नाही. मग एक्सएमपी बंद करून ५.५ लावला: तोच कोअर पुन्हा पडला. म्हणजे रॅम सुटली. एसएमपीएस लोडखाली ट्रिप झाला तर मशीन खटकन बंद होतं, ब्लू स्क्रीन यायला वेळच मिळत नाही. तुमच्याकडे ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ची (हार्डवेअरची न सुधारता आलेली चूक) ब्लू स्क्रीन येते असं तुम्हीच लिहिलंय. ५.६ ला हा एरर येतो आणि ५.४ ला येत नाही, तर बोट प्रोसेसरच्या सेटिंगकडेच जातं.

यूट्यूबवाल्याचा ५.६ खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच पेटीतले हापूस सारखे निघत नाहीत, तशाच एकाच मॉडेलच्या दोन चिपा. शिवाय त्याची खोली कोणती, कूलर कोणता आणि मशीन किती वेळ चालवलं, हेही बघायला हवं. आमच्या दुकानात एसी २५ वर असतो. मे महिन्यात ठाण्यातल्या बंद खोलीत ३५ सहज होतं. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो, कारण लिक्विड कूलर झाला तरी रेडिएटरमधून खोलीचीच हवा ओढतो. दुकानात ५.४ ला ८६ दिसत होतं ते तुमच्याकडे ९६ होणार, हे धरूनच थांबलो. घोडबंदर पट्ट्यातून येणाऱ्या मशीनच्या रेडिएटरवर बांधकामाच्या धुळीची जी साय बसलेली असते, ती वेगळीच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. २०२४ मध्ये १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होण्याच्या तक्रारी जगभर आल्या, तेव्हा इंटेलने चढं व्होल्टेज हे कारण सांगितलं, ऑगस्टमध्ये नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो मायक्रोकोड असलेला बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) तुमच्या बोर्डवर टाकून दिलाय. पण तो पुढचं नुकसान टाळण्यासाठी आहे, झालेलं भरून काढत नाही, आणि हाताने लावलेल्या १.४२ व्होल्टची जबाबदारी कंपनी घेईलच असं नाही. कृपा करून ते आजच उतरवा. बायोसमध्ये ५.४ चं प्रोफाइल सेव्ह करून ठेवलंय, ते लोड करा. डिस्प्लेच येत नसेल तर सीएमओएस क्लिअर करून (बायोसच्या सेटिंग मूळ जागी आणून) मग लोड करा.

दीड हजार रुपये टेस्टिंगच्या कामाचे आहेत, काम झालंय, ते परत देणार नाही. रेडिएटरची सफाई आणि नवी पेस्ट यांचे पैसे घेणार नाही. नौपाड्यातल्या दुकानात सोमवार सोडून कधीही मशीन घेऊन या, सोबत जो रेंडर अडकतोय तो प्रोजेक्ट आणा. तुमच्यासमोर आधी ५.४ वर लावतो, मग तुमच्या ५.६ वर. वेळ तुम्ही तुमच्या मोबाइलवर लावा.