मूळ पट्टीचा हट्ट

28 सप्टेंबर जवळ आला की इंदुरात लतादीदींच्या गाण्यांच्या तालमी सुरू होतात. 1929 साली त्या इथेच जन्मल्या, तेव्हा रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंतचा हा उत्साह साहजिकच आहे. पण ‘दीदींचं गाणं म्हणजे मूळ पट्टीतच हवं’, म्हणजे ध्वनिमुद्रणात ‘सा’ ज्या उंचीवर आहे तिथूनच गायला हवं, हा आग्रह गाण्याच्या मुळावर येतो, असं माझं ठाम मत आहे. संगीतकारानं ती पट्टी एका गळ्यासाठी ठरवली होती, तुमच्या-माझ्यासाठी नाही.

आणि मूळ म्हणजे नेमकी कोणती? मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी 80 नं फिरली तरी सूर जवळजवळ पाव स्वरानं चढतो आणि पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या (काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून) मधोमध लटकतो. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा. डीव्हीडीसाठी तो 25 नं चालवला की सूर पाऊण पट्टीच्या आसपास वर जातो. म्हणूनच नेटवर एकच गाणं तीन ठिकाणी तीन पट्ट्यांत सापडतं. त्यावरून भांडण्यात तालमीचा वेळ घालवू नका.

पट्टी ठरवताना मुखड्यावर जाऊ नका. तो बहुतेक वेळा मधल्या सप्तकात सुखानं निघतो, खरी परीक्षा अंतऱ्यात असते. गाण्यातला सर्वांत उंच स्वर पेटीवर शोधा. नुसता स्पर्शून जाणारा नव्हे, जिथे थांबावं लागतं तो. मग स्वतःचा उंच स्वर शोधा: ‘आ’ म्हणत, न ओरडता, चार मात्रा स्थिर राहील असा. त्याच्या एक पट्टी खालचा धरा, कारण मंचावर घसा घरच्याइतका मोकळा नसतो. या दोन स्वरांत जेवढं अंतर, तेवढं गाणं खाली आणा. शेवटी सर्वांत खालचा स्वर माइकवर म्हणून बघा. तिथे नुसती हवाच ऐकू आली तर एक पट्टी वर घ्या. दोन्ही टोकं सांभाळली जात नसतील तर दुसरं गाणं निवडा.

कराओकेत हे बटणानं होतं, पण तीन पट्ट्यांपलीकडे ट्रॅक बिघडू लागतो. ढोलक सैल वाजते, संतूरची चमक जाते. पुरुषानं बाईचं गाणं घेतलं की चार-पाच पट्ट्या सहज लागतात. तिथे नव्यानं वाजवलेला ट्रॅक किंवा प्रत्यक्ष वादकच हवेत. वादक असतील तर तबलजींना आधी सांगा, कारण एकच तबला हवा तेवढा चढत-उतरत नाही. काळी चारला (पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणारी बाई असेल तर काळी एकचा तबला मध्यमात, म्हणजे तिच्या ‘म’ला लावलेला म्हणून, चालून जातो.

सगळ्यांत जास्त फसतं ते ‘ऐ मेरे वतन के लोगों’. गीतकार प्रदीप आपल्या शेजारच्या बडनगरचे, चाल सी. रामचंद्रांची, दिल्लीत 27 जानेवारी 1963 ला दीदींनी ते गायलं. सुरुवात तालाशिवाय आहे. तिथे गळा नकळत थोडा उतरतो आणि ताल-वाद्यं आली की फरक उघडा पडतो. तेवढ्या भागात पेटीवाल्यानं षड्ज धरून ठेवावा, आणि तानपुरा गायिकेच्या मॉनिटरमध्ये (तिच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) नीट ऐकू यावा. इथेही पट्टी त्या हळुवार सुरुवातीवरून नाही, अंतऱ्यावरूनच ठरवा.

यादीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहा, काळी तीन, पांढरी चार, जी असेल ती, आणि यादी आदल्या दिवशी पेटीवाल्याकडे पोचवा. मंचावर ‘दादा, जरा खाली घ्या’ सुरू झालं की पहिली ओळ हातची जाते.