समाजाशी संपर्क, सही-शिक्क्यासह

बी.एड.चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला आणि त्यात शालेय आंतरवासितेचे, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन करायच्या सरावाचे, 20 आठवडे आले, तेव्हा ज्या विद्वानांनी त्याचा आराखडा केला त्यांनी भावी शिक्षकाचा स्वतःशी, बालकाशी, समाजाशी आणि शाळेशी संपर्क यावा अशी व्यवस्था करून ठेवली. यांपैकी स्वतःशी संपर्क खोलीत बसून चिंतनपर दैनंदिनी लिहिल्याने साधतो, बालक वर्गात बसलेले सापडते आणि शाळा तर जागची हलत नाही. अडचण येते ती समाजाची. त्याला कोणी वेळापत्रक दिलेले नसते, त्याला आपण कोणाच्या प्रात्यक्षिक कार्याचा भाग आहोत याची कल्पना नसते, आणि तरीही त्याच्याशी झालेल्या संपर्काचा पुरावा जिओटॅग छायाचित्रे, हजेरीपत्रक आणि सही-शिक्का या स्वरूपात फाईलला लावावा लागतो.

माझी नेमणूक वेंगुर्ल्याला झाली. निरोप देताना आमच्या प्राध्यापकांनी आठवण करून दिली, की याच तालुक्यातील शिरोड्याला वि. स. खांडेकर 1920 ते 1938 या काळात शिक्षक होते आणि तेथेच 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. मी मूळची कराडची असल्यामुळे समुद्राशी माझा संबंध शालेय सहलीपुरता होता. त्यामुळे वाङ्मय आणि मीठ या दोन्ही परंपरा काही आठवड्यांत पुढे न्यायच्या आहेत, हे ऐकून मी घाबरले. खांडेकरांना निदान अठरा वर्षे मिळाली होती, आणि त्यांना फाईल लावावी लागल्याचे कोठे वाचनात आलेले नाही.

पहिला उपक्रम वस्तीच्या सर्वेक्षणाचा होता. माझ्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न कुटुंबप्रमुखाच्या नावाचा होता, परंतु तो विचारण्यापूर्वीच पडवीतून प्रश्न आला, "खंयसून इलंस गो बाये?" कराडहून, असे मी सांगितले. "म्हणजे घाटावरसून. मासे खातंस?" शिकते आहे, असे म्हणताच घरातील सर्वांना माझ्याविषयी मनापासून वाईट वाटले आणि सोलकढीचा पेला पुढे आला. त्यानंतर माझे आडनाव, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, शेती बागायत की जिरायत, लग्न ठरले आहे का आणि नसल्यास का नाही, इतकी माहिती माझ्याकडून कोणत्याही छापील नमुन्याशिवाय, अत्यंत शास्त्रशुद्ध क्रमाने काढून घेण्यात आली. सायंकाळी मी मासळी बाजारातून जात असताना एका अनोळखी बाईने मला हाक मारून माझ्या धाकट्या भावाच्या बारावीची चौकशी केली. माझे सर्वेक्षण तोपर्यंत दुसऱ्या घरापर्यंतही पोहोचले नव्हते.

प्रश्नावलीतील 'उदरनिर्वाहाचे मुख्य साधन' या रकान्यात एकच शब्द बसेल एवढी जागा होती. एका घरी थोडी आंब्याची कलमे, मुंबईत चाकरमानी असलेला मुलगा, भाच्याच्या होडीत वाटा आणि पर्यटक आलेच तर द्यायची एक खोली, असा उदरनिर्वाह होता. शिवाय काजूही होता आणि तो 'वेंगुर्ला-4' जातीचा असल्यामुळे त्याच्या कलमाची हकीकत ऐकल्याशिवाय मला उठू देणे यजमानांना प्रशस्त वाटले नाही. मासिक उत्पन्न विचारले की प्रत्येक घरातून एकच उत्तर मिळे: "चलता आपला." या उत्तराचे अंकांत रूपांतर कसे करावे, हे आम्हाला संशोधन पद्धतीच्या तासाला शिकवलेले नाही. मात्र स्वतःचे उत्पन्न न सांगणारा प्रत्येक गृहस्थ शेजाऱ्याचे उत्पन्न, कर्जासह आणि मनीऑर्डरच्या काळापासून, रुपया-पैशांत सांगत असे. परिणामी माझ्या सर्वेक्षणातील उत्पन्नाची सर्व आकडेवारी एक घर पुढे सरकलेली आहे, आणि ती तशी असल्यामुळेच विश्वासार्ह आहे, असे माझे मत आहे.

दुसरा उपक्रम स्वच्छता अभियानाचा. यासाठी 'अभियानापूर्वी' आणि 'अभियानानंतर' अशी दोन छायाचित्रे अनिवार्य असतात. अन्य कोणत्याही गावी यात विशेष अडचण आली नसती. पण वेंगुर्ल्याच्या नगर परिषदेने कचऱ्याचे वर्गीकरण इतके मनावर घेतलेले आहे, की तेथील कचरा डेपोचेच 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' झाले आहे. हातात नवे झाडू घेऊन आम्ही छात्राध्यापिका भर उन्हात कचरा शोधत हिंडलो. अखेरीस एका वाडीत वाळलेल्या पानांचा भलामोठा ढीग दिसला आणि आमच्या गटप्रमुखाला अक्षरशः भरून आले. इतक्यात मालक बाहेर आले. तो पातेरा त्यांनी माडांच्या आळ्यांत घालण्यासाठी गोळा केला होता, आणि त्याला हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. आमची अवस्था पाहून मात्र त्यांनीच तोडगा सुचवला. ढीग शाबूत असताना 'अभियानानंतर'चे छायाचित्र आधी घ्यावे, मग पातेरा अंगणभर पसरून 'अभियानापूर्वी'चे घ्यावे, आणि जाताना तो पुन्हा होता तसा रचून द्यावा. त्याप्रमाणे सर्व यथासांग पार पडले. जिओटॅगमधील वेळ बारकाईने पाहणारा परीक्षक मिळाला, तर वेंगुर्ले आमच्या अभियानामुळे अस्वच्छ झाले असे त्याला दिसेल.

तिसरा उपक्रम साक्षरता वर्गाचा होता. केंद्र शासनाच्या 'उल्लास' कार्यक्रमात 15 वर्षांवरील असाक्षरांना स्वयंसेवकांनी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान शिकवावे, अशी योजना आहे. वर्ग एका मासे विकणाऱ्या काकींच्या खळ्यात, सायंकाळी, भरत असे. म्हणजे भरावा अशी अपेक्षा होती. दिवाळीनंतर या भागात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि रात्रभर दशावतार चालतो. धयकाल्याच्या, म्हणजे या दशावताराच्या, दिवशी वर्गाची बहुसंख्या लवकर जेवून देवळाच्या आवारात पुढची जागा धरत असे, आणि दुसऱ्या दिवशी ती जागरणामुळे झोपलेली असे. त्यामुळे हजेरीपत्रकावरून आसपासच्या गावांतील जत्रांच्या तिथी बिनचूक काढता येतात.

संख्याज्ञानाच्या पाठासाठी मी परिसराशी निगडित उदाहरण तयार केले होते, कारण पाठ टाचणात तसा रकाना असतो. एका पाटीत 40 बांगडे आहेत, त्यांतील 15 विकले, तर किती उरले?

"रापणीचे की बर्फातले?" काकींनी विचारले.

कोणतेही समजा, असे मी म्हटले.

"कोणतेय कशे? ताजे रापणीचे आसले तर उरतले कशाक?"

उर्वरित वर्गाने माना डोलावल्या. उत्तर शून्य आले, तेही एकमताने. माझ्या टाचणात अपेक्षित उत्तर 25 असे लिहिलेले होते, आणि मागे बसलेल्या निरीक्षक प्राध्यापकांनी ते पाहून आपल्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहिले.

शेवटी अहवालावर लाभार्थ्यांची सही घ्यायची होती. काकी तोपर्यंत उत्तम सही करू लागल्या होत्या, म्हणून मी सायंकाळी निर्धास्तपणे कागद पुढे केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो महाविद्यालयात द्यायचा होता. त्यांनी चष्मा लावला. "वाचल्याबिगर सही करूची नाय, असा तूच सांगलंस मा?" अहवालाचे पहिलेच वाक्य सात ओळींचे होते आणि त्यात 'सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी' होती. 'सामाजिक'पर्यंत त्या नेटाने आल्या. 'पार्श्व' दिसताच त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि शेजारणीला बोलावले. ती आल्यावर पहिल्यापासून वाचन सुरू झाले. या गतीने अहवालाचे शेवटचे पान येईपर्यंत पहाटेचा मासळीचा लिलाव सुरू झाला असता.

मी तेथेच बसून दुसरा अहवाल लिहिला आणि त्यात एकही जोडाक्षर येऊ दिले नाही. 'धयकाला नसला की काकी येई. तिला नाव लिहिता येते. हिशेब तिला आधीपासून येतो.' काकींनी तो मोठ्याने वाचला, शेवटच्या वाक्यावर समाधानाने मान हलवली आणि खाली सही केली.

प्राध्यापकांनी त्या पानावर तांबड्या शाईत शेरा दिला: 'भाषा लाभार्थ्यांच्या स्तराला अनुरूप. पृष्ठसंख्या अपुरी.'