घर वाटेत आले तरी मुक्काम गटासोबतच

ग्वाल्हेर ते नाशिक हा आमचा सायकलप्रवास ठरला, तेव्हा आगऱ्याहून मुंबईला जाणाऱ्या जुन्या महामार्गावर सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर, म्हणजे जवळजवळ निम्म्या वाटेवर, इंदूर येते हे पाहून सर्वांनी गृहीत धरले की तिथला मुक्काम माझ्याच घरी होणार. मी नकार दिला. तो नातेवाइकांना अजूनही पटलेला नाही, म्हणून माझी बाजू मांडतो.

गटाने सायकल चालवताना पुढचा सायकलस्वार वारा अंगावर घेतो आणि त्याच्या चाकामागे राहणाऱ्यांचे श्रम वाचतात. त्यासाठी मागच्याला झेपेल असाच वेग पुढच्याने धरावा लागतो. देवास सोडून क्षिप्रेचा पूल ओलांडला, की इंदूरकराला हे भान राहत नाही. शिवपुरीपासून सर्वांना सांभाळून आणणारा आमचा एक इंदुरी सोबती मांगलिया जवळ येताच एकेक जड गिअर टाकत गेला. त्याच्यात आणि मागच्यात आधी हातभर, मग ट्रक शिरेल एवढे अंतर पडले आणि ‘हळू, हळू’ या हाका त्याच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. ज्याचे गाव जवळ आले, त्याला त्या टप्प्यात सर्वांत मागे ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरचा मुक्काम तर याहून अवघड. इंदुरात पाहुण्यांना सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, नेल्याशिवाय यजमानाची सुटका नसते. भुट्ट्याचा कीस, गराडू, वर रबडी असे करत झोपायला मध्यरात्र उलटते, सकाळी पोहे-जिलबी होते आणि निघता निघता एखादी मावशी भेटायला येते. पुढचा दिवस मात्र राऊ, महू, मानपूर करत गणेश घाटातून विंध्य उतरण्याचा आणि खलघाटला नर्मदा गाठण्याचा असतो. अवजड ट्रकांच्या शेजारून, ब्रेकवरची बोटे दुखेपर्यंत उतरताना अपुऱ्या झोपेचा माणूस स्वतःसह मागच्यांनाही धोक्यात घालतो.

म्हणून आम्ही बायपासजवळच्या धर्मशाळेत उतरलो आणि घरचेच तिथे आले. आईने पोळ्यांचा डबा उघडता उघडता सगळ्यांदेखत विचारले, “घरात जागा नव्हती का रे?” यावर ग्वाल्हेरचे एक ज्येष्ठ काका म्हणाले, “किलोमीटरच मोजायचे असतील, तर खोलीत व्यायामाची सायकल काय वाईट?”

काकांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. प्रवासात माणसे भेटायलाच हवीत. पण त्यासाठी विश्रांतीचा अख्खा दिवस राखावा, उद्याच्या घाटासाठी लागणारी झोप खर्चू नये. पुढच्या प्रवासाच्या आखणीत असा दिवस इंदुरात धरावा, असे मी गटात सुचवून ठेवले आहे. तो मंजूर झाला, तर सराफ्याचा खर्च माझ्याकडे.