गस्तीची माहिती गस्तवाल्यापासून कशी जपावी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सात विंगच्या सोसायटीत सुरक्षा उपसमितीवर तुमची बिनविरोध निवड झाली, अभिनंदन. एजीएममध्ये तो विषय आला तेव्हा निम्मे सभासद वडापावच्या टेबलाकडे सरकले होते, हे मनावर घेऊ नका. पद ते पदच. आता कामाचं बोलू. सुरक्षा उपसमितीचं खरं काम एकच असतं: रात्री राउंड मारणाऱ्या माणसाला काही कळू द्यायचं नाही. बाकी कुणालाही कळलं तरी हरकत नाही.

हे वाटतं तितकं सोपं नाही. वॉचमन बारा तास ड्यूटी करतो, चालतो, आणि चालताना बघतो. येऊरच्या जंगलाच्या बाजूची जाळी खालून कापलेली आहे, हे त्याला सोमवारी रात्री दिसतं. पंपरूमचं कुलूप नुसतं अडकवलेलं आहे, हेही दिसतं. ही गोष्ट मंगळवारच्या वॉचमनला कळली तर तो सरळ त्या जाळीपाशी जाऊन उभा राहील. मग उपसमितीने काय करायचं?

म्हणून माहितीला वरची वाट दाखवा. वॉचमनने सुपरवायझरला सांगावं, सुपरवायझरने मॅनेजरला, मॅनेजरने सेक्रेटरींच्या कानावर घालावं. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं गळत जाऊन महिनाअखेरीस मीटिंगच्या इतिवृत्तात एक ओळ उरते: ‘सुरक्षा व्यवस्था समाधानकारक.’ ही लिफ्ट फक्त वर जाते, खाली येण्याचं बटण बसवू नये.

इथे अमेरिकन सैन्याने जो घोळ घातला त्यापासून धडा घ्या. इराकमध्ये त्यांचं सुरुवातीला अगदी आपल्यासारखं शिस्तीत चाललं होतं. गस्तीहून परतलेला लेफ्टनंट रिपोर्ट लिहायचा, तो बटालियनकडे जायचा, तिथून आणखी वर, आणि वरच्या साहेबांच्या स्लाइडवर एक ठिपका वाढायचा. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत शिरणाऱ्या तुकडीला त्यातलं फारसं काही मिळायचं नाही. उत्तम व्यवस्था! पण डार्पा या त्यांच्या संरक्षण संशोधन संस्थेला स्वस्थ बसवेना. 2007 च्या सुमारास त्यांनी ‘टायगर’ नावाची प्रणाली इराकमध्ये उतरवली. तळावरच्या संगणकावर नकाशा उघडायचा, आज जायच्या रस्त्यावर बोट ठेवायचं, की तिथे आधी कुठे स्फोट झाला, कुठल्या घरातले लोक बोलतात, तिथला वजनदार शेख कोण, त्याचा फोटो कसा, सगळं समोर. आणि हे भरणारे कोण? तर गस्त घालणारेच. परत आले की स्वतःच नकाशावर खुणा करायचे, फोटो चढवायचे. मधल्या साहेबाची परवानगी नाही, सही नाही, शिक्का नाही!

त्याहून वाईट पुढे आहे. तेव्हा तिथल्या तुकड्या 12 ते 15 महिन्यांनी बदलत. जुनी तुकडी गेली की तिच्या डोक्यातला मोहल्ला तिच्याबरोबर विमानात बसून जायचा आणि नवी तुकडी कोरी पाटी घेऊन उतरायची. टायगरने ते शहाणपण मागे ठेवायला सुरुवात केली. जाणाऱ्याने पाहिलेलं येणाऱ्याच्या हाती पडू लागलं. तळांना जोडणारं नेटवर्क मंद, म्हणून प्रत्येक ठिकाणी माहितीची प्रत ठेवण्याची सोयही केली, म्हणजे ‘नेट नव्हतं’ ही आपली हुकमी सबबसुद्धा गेली. सोसायटीत असलं काही कुणी सुचवलं तर ‘खर्चिक आहे’ म्हणावं. ‘फुकट आहे’ असं उत्तर आलं, तर ‘मग दर्जा कसा असणार?’ असं विचारावं.

आपली साधनं त्या मानाने निर्धोक आहेत. रजिस्टर घ्या. त्यात ‘सब ठीक’ हा शेरा महिन्याच्या पहिल्या तारखेलाच शेवटच्या पानापर्यंत लिहून ठेवलेला असेल, तर वॉचमनला रागावू नका. तो व्यवस्था समजला आहे. शिवाय मजल्यामजल्यावर क्यूआर कोड चिकटवा. त्याने प्रत्येक ठिकाणी मोबाईल धरून स्कॅन करायचं, की रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो अकराव्या मजल्यावर होता हे तुम्हाला अंथरुणात कळतं. त्याला तिथे काय दिसलं, हे विचारणारा रकाना ठेवू नका. आपल्याला त्याच्यावर नजर ठेवायची आहे. त्याची नजर घेऊन आपण काय करणार?

कुणी बिबट्याचा विषय काढेलच. ठाण्यात तो निघतोच. 2019 च्या फेब्रुवारीत बिबट्या भल्या पहाटे कोरम मॉलपर्यंत येऊन गेला, हे सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि आपल्या तर पाठीलाच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तेव्हा भिंतीजवळ पंजाचा ठसा दिसला, तर त्याचा फोटो सर्वप्रथम सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. या ग्रुपमध्ये वॉचमन नसतो, हे त्याचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य. तिथे हा पंजा की कुत्र्याचा पाय यावर रात्री साडेबारापर्यंत चर्चा होईल, बिल्डरने जंगलात बांधलंच कशाला इथपर्यंत येईल, मग एक काका सुप्रभातचा गुलाब टाकतील आणि विषय संपेल. तोवर ज्याला काठी आणि शिट्टी घेऊन एकट्याने त्या भिंतीकडे जायचं आहे, तो जाऊन आलेला असतो. आला असेल तर.

उपसमितीत एखादी तरुण मुलगी असते. ती विचारेल, ‘काका, मग वॉचमनलाच का सांगत नाही?’ तिला गोपनीयतेचं कारण द्या. ते भक्कम आहे. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या नकाशावर जवानांच्या धावण्याच्या रेषा उजळून परदेशातले लष्करी तळ जगाला दिसले होते. 2020 मध्ये भारतीय लष्करानेही जवानांना मोबाईलमधली 89 ॲप काढून टाकायला सांगितली. माहिती फुटते, ताई! तेव्हा जाळी कुठे कापली आहे हे आपल्या वॉचमनपासून गुप्त ठेवलेलं बरं. चोराला ते आधीपासून ठाऊक असतं, त्याला आपला इलाज नाही.

तरीही ऐकलं नाही तर उरणचं उदाहरण काढा. सप्टेंबर 2016 मध्ये तिथल्या शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि नौदल, एनएसजीचे कमांडो, पोलीस सगळे कामाला लागले. हाती काही लागलं नाही. लहानांचं ऐकलं की असं होतं, असं म्हणून टाका. त्यांनी ऐकलं हेच बरोबर होतं, असं ती म्हणेल. तेव्हा पार्किंगचा विषय काढावा. त्यानंतर कुठल्याही सभेत दुसरं काही टिकत नाही.

एवढं करूनही धोका राहतोच. वर्षभर टिकलेला वॉचमन हळूहळू जाणता होतो. कुठल्या विंगचा दिवा मिचमिचतो, कुठल्या आजी रात्री दार उघडं टाकतात, कोणता डिलिव्हरीवाला खरा, हे त्याच्या डोक्यात साठत जातं, आणि चहाच्या टपरीवर तो ते दुसऱ्याला सांगूही लागतो. इथे ढिलाई नको. करार संपला की एजन्सी बदला. महिन्याला दोन हजार कमी सांगणारी कुणीतरी सापडतेच. चार्ज देण्याघेण्यासाठी जुन्या आणि नव्या माणसांना एकत्र उभं करू नका, जुन्यांना सकाळी सातला मोकळं करून नव्यांना आठला बोलवा. नवा माणूस विचारेल, साहेब, पंपरूम कुठे आहे? त्याला सुपरवायझरकडे पाठवा. तोही आजच रुजू झाला असेल.