तेलात बुडालेलं कोरडं बेअरिंग

काल कट्ट्यावर वाद पेटला तो सुन्याच्या मावसभावामुळे. तो असतो परदेशात, आणि त्याच्या डोक्यात जुनी पोर्शे बॉक्स्टर घ्यायचं शिरलंय. दोन गाड्या हेरून ठेवल्यात. एक २००३ ची, एकाच मालकाची, रनिंग जेमतेम चाळीस हजार. दुसरी १९९९ ची, दीड लाखाच्या पुढे पळालेली, सीट उसवलेली. सुन्याने फोटो फिरवले.

"यात विचारायचं काय?" अव्या म्हणाला. "चाळीस हजारवाली. बघ ना कशी जपलीय."

"पण त्या आयएमएस बेअरिंगचं काय? भाऊ त्यालाच घाबरलाय."

"झालं!" मिल्या उसळला. "गाडीचं नाव काढलं की हे बेअरिंग आधी. लोकांनी उगाच बाऊ केलाय."

प्रकरण असं. १९९६ च्या शेवटी आलेली पहिली बॉक्स्टर आणि तिच्या मागोमाग आलेली पोर्शेचीच ९११ (९९६ या पिढीची), दोघींत एम९६ नावाचं इंजिन. आडवे सहा सिलिंडर, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. क्रँकखाली, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याखाली, एक मधला शाफ्ट आहे. इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणून आयएमएस. क्रँक त्याला चेनने फिरवतो आणि तो पुढे दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना, फिरवतो. याच शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूच्या टोकाला ते बेअरिंग. ते मोडलं की शाफ्ट डगमगतो, चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन बसतं. दुरुस्तीचं बोलायलाच नको.

"केवढं असतं ते?" अव्याने विचारलं.

अण्णांनी पिशवीत हात घातला. आयुष्य लेथवर गेलेला माणूस, पिशवीत काय निघेल सांगता येत नाही. निघालं पंपाच्या मोटारीतलं जुनं ६२०४. भोक २० मिलिमीटर, बाहेरून ४७, जाडी १४. "२००३ च्या गाडीत याच मापाचं. छर्र्यांची एकच ओळ."

अव्याने ते तळहातावर घेऊन बोटाने फिरवलं. "एवढुसं?"

"आकाराचं सोड. हे बघ." अण्णांनी सेफ्टी पिन घेतली, कडेच्या काळ्या रबरी सीलखाली खुपसली आणि सील उचकटलं. आत ग्रीस मेणासारखं घट्ट, काळपट. "हे कारखान्यात एकदा भरतात. नंतर वंगण जायला वाट नाही. मोटारीत ठीक आहे, तिथे आजूबाजूला तेलच नसतं. इंजिनात हे तेलात बसलेलं असतं. सील जुनं झालं की गरम, पातळ तेल आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं. पण सील असतंच, त्यामुळे आत गेलेलं तेल खेळत नाही. तुम्ही इंजिनाचं तेल बदलता, आतलं थेंबभर तेल तेच राहतं. बाहेर तेलाचा हौद आणि हे आत कोरडं."

मला विचाराल तर सगळ्या चर्चेतलं हेच एक वाक्य लक्षात ठेवण्यासारखं. त्याच शाफ्टचं दुसरं टोक साध्या बुशवर, म्हणजे बिनछर्र्यांच्या बेअरिंगवर फिरतं, त्याला दाबाने तेल मिळतं, आणि त्याच्याबद्दल कोणी ओरडत नाही.

मिल्या आकड्यांवर आला. अमेरिकेत यावरून मालकांनी सामूहिक दावा लावला होता, २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यात आलेला आकडा असा की एका ओळीच्या बेअरिंगमध्ये साधारण ८ टक्के गाड्यांना फटका, आधीच्या दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये १ टक्क्याहूनही कमी. "म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव गाड्या ठणठणीत!"

"आणि आठांचं अख्खं इंजिन गेलं," सुन्या म्हणाला. "दिवा जाण्याचे आठ टक्के वेगळे, इंजिन जाण्याचे वेगळे."

"म्हणून १९९९ ची घ्या," अण्णा म्हणाले.

"अण्णा, दीड लाख पळालीय ती!"

"पळालीय म्हणूनच. दोन ओळी आहेत आणि तेल रोज तापलंय. उभ्या गाडीत, किंवा कोपऱ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत तेल नीट तापत नाही, पाण्याचा अंश उडत नाही. तेच आंबट तेल त्या सीलच्या आत जाऊन बसतं."

"बेअरिंगला काय अनुभव मिळतो का?" मिल्या म्हणाला. "दीड लाख चाललं म्हणजे दीड लाख झिजलं."

यावर अण्णा गप्प राहिले. मुद्दा खोटा नव्हता. शेवटी म्हणाले, "मग बदलून टाका. पण क्लचच्या वेळी. गिअरबॉक्स तेव्हा उतरलेलाच असतो." बदलीत सिरॅमिक छर्र्यांचं, सील काढलेलं बेअरिंग बसवतात, किंवा थेट बुश घालून त्याला तेलाची वाट काढून देतात. मात्र २००६ ते २००८ च्या इंजिनात बेअरिंग मोठं केलं, ते इतकं की इंजिन दोन भागांत फोडल्याशिवाय बाहेरच येत नाही. रोग कमी झाला, इलाज अवघड. २००९ च्या मॉडेलपासून नवीन इंजिन आलं आणि तो शाफ्टच गेला. (त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ ला ही भानगड नव्हतीच, त्यांचं इंजिन वेगळ्या घराण्यातलं.)

"आत्ता भावाला सांगू काय?" सुन्या वैतागला.

"कुठलीही घेऊ दे, आधी ऑइल फिल्टर कापून बघायला सांग," अण्णा म्हणाले. "कागदाच्या घड्या उलगडायच्या, उजेडात धरायच्या. चकाकणारा कण दिसला की चुंबक लावायचं. चिकटला तर पोलाद, मग गाडीकडे वळूनही बघायचं नाही. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे असतील तर ते चेनच्या पट्ट्यांचे, ते वेगळं दुखणं."

"आणि काहीच नसेल तर?" अव्याने विचारलं.

"तर आजपर्यंत काही झालेलं नाही, एवढंच."

सुन्याने तिथेच व्हॉइस मेसेज पाठवला, अण्णांच्या शब्दांत, चुंबकासकट. पाच मिनिटांनी उत्तर आलं. भाऊ विचारत होता, लाल रंग दोन्हींपैकी कुठलीत मिळेल.